कोयीचा हयातीचा दाखला

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाच्या नजरेला एक कायमचा दोष जडतो. समोर येईल त्या वस्तूकडे तो 'हे परत येणार का, आणि कधी?' अशा संशयाने पाहू लागतो. शेजाऱ्यांनी नेलेली शिडी, मेव्हण्याला हातउसने दिलेले पैसे, 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून गेलेलं पुस्तक, या सगळ्यांची मी मनातल्या मनात खाती उघडून ठेवली आहेत, आणि त्यातली बरीचशी बुडीत आहेत. मी बी.कॉम. आहे. (दुसरा वर्ग. पण हे कोणी विचारलं नव्हतं.) तत्त्वज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. तरीपण २०२१ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरात सात कोयींवरून असा एक प्रश्न उभा राहिला, की तो ताळेबंदाच्या डाव्या बाजूला बसेना आणि उजव्याही बसेना.

प्रश्न दिसायला अगदी साधा. घरी जमवलेलं बी पेरण्याच्या लायकीचं आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

आमच्या आईला हा प्रश्न जन्मात कधी पडला नव्हता. पावसजवळच्या आमच्या गावाहून ती रत्नागिरीला माझ्याकडे राहायला आली, ती एक ट्रंक, एक देव्हारा आणि अठरा पुरचुंड्या घेऊन. पडवळ, दोडका, काकडी, चिबूड, भेंडी, लाल माठ, वाल. राखेत घोळलेल्या आणि अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या. एकीवरही नाव लिहिलेलं नाही. गाठ कशी मारली आहे त्यावरून ती आतलं बी ओळखते. आमच्या बँकेत दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतात आणि तो आम्ही विसरू नये म्हणून टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवतो. त्या मानाने आईची व्यवस्था फारच भक्कम.

पावसाच्या तोंडावर ती तांब्याभर पाण्यात बिया टाकते. बुडतील त्या पेरायच्या, तरंगतील त्या कुंपणाबाहेर. भाताला हीच परीक्षा मिठाच्या पाण्यात द्यावी लागते: दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, तळाशी बसेल तो दाणा बियाण्याचा, वर येईल तो पाखडायचा. शेतकी खात्याची माणसंही हेच सांगतात. जड ते चांगलं आणि हलकं ते पोकळ. (हा न्याय माणसांना लावू नये. आमचे एक साहेब चांगले नव्वद किलोंचे होते.)

पण मला या परीक्षेत पहिल्यापासून एक खोट दिसते. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणारी मंडळी आमच्या काउंटरपुढे रांग लावतात, आणि ती जिवंत आहेत असं आम्ही कागदावर प्रमाणित करतो. हल्ली यंत्रावर बोट टेकवूनही हे काम होतं. तरी आमच्याकडचे बरेच जण अजून स्वतः येतात. आपण जिवंत आहोत हे सरकारमान्य माणसाने तोंडावर सांगितलेलं बरं वाटत असावं. मात्र त्या दाखल्यात माणूस हयात आहे, एवढंच लिहिलेलं असतं. कसा आहे, ते लिहायला रकानाच नाही. पाण्यात बुडालेल्या बीचं तेच. ती जिवंत आहे एवढं कळलं. काकडी गोड निघेल की कडू, हा रकाना तांब्यात नसतो.

असो. कोयींकडे येतो.

गावच्या परसात आमचा एक रायवळ आंबा होता. कलमी झाडांना स्वतःचं नाव नसतं, ती सगळी हापूस. म्हणजे लष्करातले जवान. रायवळाचं तसं नाही. कुणाचा शेंदऱ्या, कुणाचा खोबऱ्या, कुणाची बिटकी. आमच्या झाडाचं नाव होतं 'आजीचा'. माझ्या आजीने तो लावला असं घराण्यात सांगितलं जाई. अण्णा, म्हणजे माझे वडील, हळूच दुरुस्ती करीत, की तिने लावला वगैरे काही नाही, खरकट्याबरोबर टाकला आणि तो उगवला. फळ मुठीएवढं, दोऱ्या भरपूर, आणि रस कमी. पण एक वास होता. रायतं शिजत असलं की वाडीतल्या खालच्या घरापर्यंत बातमी जायची.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे निघालं होतं. त्याला आमच्या परसात येण्याचं काही कारण नव्हतं. पण मोठी माणसं जाता जाता लहानांना धक्का देऊनच जातात. तिसऱ्या दिवशी आम्ही गावी पोचलो तेव्हा 'आजीचा' मुळांसकट आडवा पडला होता, फळांसकट. आई रडली नाही. तिने पदर खोचला आणि आंबे वेचले. कैऱ्यांचं लोणचं झालं, जून फळं पेंढ्यात ठेवली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातली धड पिकली ती सात. ती आम्ही चोखली.

चोखून टाकला तर तो बाठा, लावायला घेतली तर ती कोय. वस्तू तीच, पण बढती मिळाली की लिंगसुद्धा बदलतं. आईने सातही बाठ्यांना बढती दिली. मी मदत म्हणून त्या स्वच्छ धुतल्या आणि गच्चीवर कडक उन्हात मांडल्या.

"हे काय केलंस?" आई म्हणाली.

"वाळवतोय. पडवळाच्या बिया वाळवतेस ना तू?"

"बाळ, आंब्याची कोय म्हणजे पडवळाचं बी नव्हे. ही सुकली की मेली."

हे मला नंतर जाणत्या माणसानेही सांगितलं. पडवळाचं बी वर्षभर राखेत झोपून राहील, पण आंब्याची कोय ओलीच लावावी लागते. महिनाभर रेंगाळलात तर तिची उगवण झपाट्याने घटते. म्हणजे इतर बियाण्यांच्या बाबतीत माणसाला विचार करायला सवड मिळते. ती इथे नाही. लायकी ठरवायची ती घाईतच.

हे जाणते गृहस्थ म्हणजे आमचे एक ग्राहक. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पासबुक भरायला आले होते. मी आपला सहज विषय काढला.

"झाड पडलं तेव्हा काड्या आणल्यात का?" काकांनी विचारलं.

"कसल्या काड्या?"

काकांनी पासबुक खाली ठेवलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला त्या दिवशी नको होतं. कोय रुजत घालायची, रोप दहा-पंधरा दिवसांचं झालं की त्याचा शेंडा कापायचा आणि तिथे आपल्याला हव्या त्या झाडाची काडी बसवायची. हे कोय कलम. ("आमच्याकडे कलम म्हणजे एकशे अडतीस, न वटलेल्या चेकचं," असं मी म्हणून पाहिलं. काका हसले नाहीत.) काडी ज्या झाडाची, तेच झाड पुढे चालतं. पडलेल्या आंब्याच्या काड्या पहिल्या दोन-चार दिवसांत कापून ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या असत्या, तर काहीतरी करून बघता आलं असतं.

"आणि कोय लावली तर?"

"तर ते त्याचं मूल. तेच झाड नव्हे. आणि बाप कोण, ते मोहोरावर बसलेल्या माश्यांनाच ठाऊक."

"म्हणजे 'आजीचा' गेला?"

"तो गेला," काका म्हणाले. बँकेत हे वाक्य आम्ही लेखी कळवतो. तोंडी ऐकायची मला सवय नव्हती.

त्या दिवसांत जाण्यायेण्यावर निर्बंध होते, आम्ही होतो तासभरच, मला कलमातलं काही कळत नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. सोयीचीही आहेत. आई आंबे वेचत होती तेव्हा मी त्या झाडाच्या फांदीवर बसून फोनवर कोणाला तरी नुकसानभरपाईचा अर्ज कसा करतात ते विचारत होतो. काड्या माझ्या बुडाखाली होत्या.

काकांनी जाताना एक आशा मात्र ठेवली. काही जातींच्या कोयीतून एकाच वेळी दोन-तीन कोंब येतात. त्यातले बहुतेक कोंब नुसत्या आईचे असतात, त्यात बापाचा हिस्सा नसतो, आणि ते हुबेहूब आईवर जातात. दक्षिणेकडे, केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर असे आंबे आहेत. आपल्याकडे बहुधा एकच कोंब. "तरी बघा," ते म्हणाले.

आईने बादलीत सात कोयी टाकल्या. पाच बुडाल्या, दोन तरंगल्या. तरंगलेल्यांपैकी एक फोडली तर आत भुंगा, आपल्या बापाचं घर असल्यासारखा बसलेला. दुसरी मी कुंपणाबाहेर टाकायला उचलली.

"राहू दे," आई म्हणाली.

"अगं, तरंगली ना ही?"

"एक पिशवी रिकामी आहे."

चाळीस वर्षं पडवळाच्या तरंगत्या बिया बेलाशक फेकणारी बाई! मी काही बोललो नाही.

बाकीचं दृश्य मी सांगत बसत नाही. अडीच आठवडे एक बी.कॉम. गृहस्थ रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी सहा पिशव्यांपुढे उकिडवा बसून कोंब मोजत होता. पाच उगवल्या. तांबूस, तुकतुकीत, माना खाली घातलेल्या. एकेक कोंब. प्रत्येकीला एकच. सहावीला आईने दिवाळीपर्यंत पाणी घातलं आणि मग त्या पिशवीत कोथिंबीर पेरली.

इथून खरा प्रश्न सुरू झाला, आणि तो आमच्या हिने विचारला. तिची बाजू मी नीट मांडली पाहिजे, कारण ती बरोबर होती. आमचा प्लॉट साडेतीन गुंठ्यांचा, त्यात घर. आंब्याच्या दोन कलमांत दहा-दहा मीटर अंतर ठेवायला सांगतात. म्हणजे एका झाडाला शंभर चौरस मीटर. आणि एक गुंठा म्हणजे एकशे एक. कोयीचं झाड तर कलमाहून उंच आणि आडदांड. "अहो, एक गुंठा जमीन," ती म्हणाली, "आठ-दहा वर्षं अडकवायची, आणि फळ आंबट निघालं तर? रोपवाटिकेतून हापूसचं कलम आणू. चार-पाच वर्षांत आंबे खाऊ. काय मिळणार ते आधीच माहीत." मग थोडं थांबून, आई आत आहेत ना ते पाहून, हळूच म्हणाली, "आपण झाड लावतोय की आईंचं दुःख?"

कर्जाच्या अर्जावर याहून चांगला शेरा मी पाहिलेला नाही.

अर्जावरून आठवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी मिरकरवाड्यातला एक तरुण आमच्याकडे कर्ज मागायला आला होता. मासळी ठेवायच्या बर्फपेट्यांचं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. आम्ही त्याला मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागितले. त्याने तीन वर्षांत काही केलेलं नव्हतं, कारण करायला पैसे नव्हते, आणि पैसे मिळेनात कारण काही केलेलं नव्हतं. तारण नाही, जामीन नाही. अर्ज नामंजूर झाला. टिपण माझ्या हातचं होतं. अक्षर चांगलं आहे म्हणून ती कामं माझ्याकडे येतात. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि हीच तर गोम आहे. दिलेलं कर्ज बुडालं की त्याची यादी निघते, वरून विचारणा होते, बैठक बसते. नाकारलेला माणूस चांगला निघाला असता, अशी यादी कोणत्याही बँकेत निघत नाही. न लावलेल्या कोयीचा आंबा कसा लागला असता, ते सांगायला झाड कुठे असतं? त्यामुळे नाही म्हणणाऱ्याची चूक कधीच सापडत नाही. आणि बावीस वर्षं चूक सापडली नाही की माणसाला वाटू लागतं, आपल्याला पारख आहे.

उलट बाजूही आहे. बँकेतला पैसा आमचा नव्हे. कुठल्या तरी म्हातारीने तो मुदतीच्या ठेवीत ठेवलेला असतो. दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्यात पुण्य नाही. पण परस तर माझं होतं ना? तसं म्हटलं तर तेही नव्हतं. झाड मोठं होईल तेव्हा त्याची सावली आणि शेजाऱ्यांशी होणारी भांडणं, दोन्ही माझ्या मुलाच्या वाट्याला. त्याला विचारलं. तो तेव्हा नववीत होता. "झोका बांधता येईल का?" एवढीच चौकशी त्याने केली.

या काळात मी आंब्यांबद्दल बरंच वाचलं. अज्ञानी माणसाला पश्चात्ताप झाला की तो वाचू लागतो. कॅप्टन जॉन हेडन नावाच्या एका गृहस्थाने अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९०२ साली आपल्याकडून गेलेल्या मलगोबा आंब्याच्या कोयी लावल्या. १९०३ मध्ये तो वारला. त्याच्या बायकोने, फ्लोरेन्सने, ती झाडं वाढवली. १९१० मध्ये त्यातल्या एकाला तांबडीलाल देखणी फळं लागली, आणि तो 'हेडन' आंबा म्हणून नावारूपाला आला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचं पितृत्व तपासलं, तेव्हा बाप निघाला 'टर्पेंटाइन' नावाचा तिकडचा दोऱ्यादोऱ्यांचा आंबा. नावावरूनच चवीची कल्पना यावी. या हेडनच्या पोटी 'टॉमी अॅटकिन्स' झाला. तो तिथल्या आंबेतज्ज्ञांच्या समितीपुढे गेला तेव्हा, चवीला बेताचा म्हणून समितीने नाकारला. आज अमेरिकेतल्या दुकानांत तो ढिगाने विकला जातो, कारण दिसतो छान, टिकतो खूप. समिती चुकली म्हणावं, तर चवीच्या बाबतीत ती मुळीच चुकली नव्हती, असं तिकडून आलेला प्रत्येक रत्नागिरीकर सांगतो. तेव्हा या गोष्टीतून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडेही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' निघाला, १९८१ मध्ये. रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये 'सिंधू'. त्याची कोय इतकी पातळ, की आमच्यासारख्यांचा प्रश्न शास्त्रज्ञांनी मुळातच मिटवून टाकला म्हणायचा. अशी एक जात हाती लागण्यासाठी किती रोपं वाढवून बाद करावी लागत असतील! ती वाढवणाऱ्याच्या धीराला माझा नमस्कार आहे, आणि बाद करणाऱ्याच्या धीरालाही.

पण मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते खुद्द हापूसने. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे कलमांची विद्या वाढली, अफोन्सो द अल्बुकर्कचं नाव या आंब्याला चिकटलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. आता कलमावरून कलम, त्या कलमाच्या आधीचं कलम, असं मागे मागे जात राहिलं तर शेवटी काय सापडतं? एक झाड, जे कशाचंच कलम नव्हतं. ते कोयीतून आलं होतं. कोणीतरी ती कोय लावली, किंवा आमच्या आजीसारखी खरकट्याबरोबर टाकली. ती लायकीची आहे का, हे त्या माणसाने पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागितले असते.

हे सगळं मी आमच्या हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक हापूस निघाला म्हणून सांगताय. किती आंबट निघाले ते कोण सांगणार?" तेही खरंच. आंबटांचीही यादी कुठे नाही.

शेवटी घरात निर्णय होतात तसाच झाला, म्हणजे कोणाचंच पूर्ण न ऐकता. पुढच्या पावसाळ्यात दोन रोपं गावी, आजीच्या आंब्याच्या खड्ड्याजवळ लावली. एक काका घेऊन गेले, त्यांनी त्यावर कशाची तरी काडी बसवलीसुद्धा. एक गच्चीच्या जिन्याखाली होतं ते माकडांनी शेंड्यासकट ओरबाडलं. उरलेलं एक परसाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात हिने आणलेलं हापूसचं कलम. गावच्या दोघांपैकी एक गुरांनी खाल्लं, हे आईला सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे, हेही तिने आम्हाला सांगितलेलं नाही.

कलमाला तिसऱ्या वर्षी मोहोर आला, चौथ्या वर्षी अकरा आंबे. अगदी जाहिरातीत सांगितले होते तसे. कोयीचं झाड गच्चीच्या कठड्याला पोचलं आहे आणि मोहोराचं नाव नाही. काका म्हणतात, अजून तीन-चार वर्षं तरी विचारू नका. मुलगा झोका बांधायच्या वयातून बाहेर पडला. पाव्हणे आले की मी त्यांना कलमापाशी नेतो. आई त्यांना दुसऱ्या कोपऱ्यात नेते आणि तिथलं पान चुरडून वास घ्यायला लावते. "आजीच्याचा वास आहे ना?" असं ती मलाही विचारते. कैरीच्या पानाला येतो तसा वास येतो. मी "आहे" म्हणतो. खोटा शेरा मारल्याबद्दल बँकेत चौकशी होते, घरी होत नाही.

अण्णा शिक्षक होते, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि दर नोव्हेंबरात तिला आमच्याच शाखेत यावं लागतं. मुलाने आईचा दाखला करू नये म्हणून मी बाजूला होतो, तो शेजारच्या काउंटरवर होतो. यंदाही आली. ऐंशीला एकच वर्ष कमी. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी तिला नाव विचारलं, सही घेतली, शिक्का मारला. आईने शिक्का नीट उमटला आहे ना ते उजेडात धरून पाहिलं.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती उत्तरेच्या कोपऱ्यात उभी होती. नखाने तिने झाडाच्या बुंध्याची साल जराशी खरवडली, वाकून पाहिली. आत हिरवं होतं.

"आहे," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.